वेबसाइटवरची वहिनी

ठिणगीनं लॅपटॉप फिरवून वहिनीच्या नाकासमोर धरला.

"वाच. मोठ्यानं वाच."

वहिनी वाचायला लागली. "उशीर चालणार नाही. चप्पल चालणार नाही. फोन चालणार नाही. सोबत नातेवाईक चालणार नाहीत." तिनं मान वर केली. "बरोबर आहे की. मीच लिहून दिलंय."

"मग तुझ्याकडे चालतं तरी काय? गाडी चालते का?"

घरात नणंदेला सगळे ठिणगी म्हणायचे, आणि उगाच नाही. वहिनीच्या ड्रायव्हिंग क्लासची वेबसाइट तिनंच बनवली होती. रंग, फोटो, नकाशा, सगळं झकास. लोक यायचे, पहिलं पान वाचायचे आणि शेपूट घालून पळायचे. एक फोन म्हणून नाही. क्लासची एकुलती एक गाडी दारात धूळ खात होती. गाडी आईच्या नावावर, आणि आईनं कालच जाहीर केलं होतं, रविवारी एकजण ती बघायला येतोय. गाडी गेली की क्लास गेला, आणि वहिनीनं परत त्या जुन्या ऑफिसात मान खाली घालून बसायचं.

"वन्सं, रागावू नका," वहिनी म्हणाली. "मला लिहिता येत नाही. शिकवता येतं."

"शिकवून दाखव मग. मला. आत्ता."

वहिनी बघतच राहिली. ठिणगीला जगातलं सगळं येत होतं, फक्त गाडी येत नव्हती. त्याबद्दल घरात कुणी ब्र काढायचा नाही, असा कायदाच होता. शिकाऊ परवाना काढून पाकिटात कोंबलेला, तो तसाच पडून होता.

पुलाच्या चढावर ठिणगीच्या हातून गाडी बंद पडली. मागे रांग लागली. एकानं हॉर्न दाबला, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनाच कंठ फुटला. ठिणगीची कानशिलं तापली. काच खाली करून ती तोंड सोडणार, तेवढ्यात शेजारून आवाज आला. हळू, पण एवढ्या कल्लोळातही नीट ऐकू येणारा, आणि वन्सं-बिन्सं सोडून चक्क अगं-तुगंवर आलेला.

"वाजवू दे. त्यांना घरी जायचंय, तुला शिकायचंय. माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक आहे, गाडी मागं जाणार नाही. क्लच पूर्ण दाब. आता किल्ली."

गाडी परत बंद पडली. वहिनीचा सूर केसभरही चढला नाही. दूध उतू गेलं तरी भांडी आपटणारी ही बाई. मग ही शेजारी बसलीय ती कोण? तिसऱ्या वेळी गाडीनं एक गचका दिला आणि चढायला लागली. पूल मागं पडला तेव्हा ठिणगीच्या लक्षात आलं, आपण एकही शिवी दिली नाही.

घरी येऊन तिनं सगळे "चालणार नाही" पुसून टाकले. चकचकीत बॉनेटचा फोटो उडवला आणि तिथं शेजारच्या सीटपुढच्या, झिजलेल्या रबराच्या ब्रेकचा फोटो लावला. खाली लिहिलं, "चढावर गाडी बंद पडली, मागून हॉर्न वाजले, तर आमच्या बाई म्हणतात, वाजवू दे. ब्रेक माझ्या पायाखाली आहे." आणि फोन नंबर. बस.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीन फोन आले. त्यातला एक परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास झालेला दाताचा डॉक्टर होता. दिवसभर दुसऱ्यांना घाबरू नका म्हणून सांगतो, म्हणाला.

"आता रविवारचं रद्द कर म्हणून आईला सांग," ठिणगी म्हणाली.

"तुमची आई. तुम्ही सांगा."

"तुझी सासू. तू सांग."

दोघी अशी घासाघीस करत बसल्या असताना चौथा फोन वाजला. स्क्रीनवर नाव होतं, आई. आई तर आतल्या खोलीत होती.

"हॅलो, ड्रायव्हिंगच्या बाई का?" आवाज फोनमधून आला, आणि जरासा आधी भिंतीपलीकडूनही.

वहिनीनं ठिणगीकडे पाहिलं. मग भिंतीकडे. "हो. बोला."

"तुम्ही ओरडत नाही म्हणे?"

"गाडीत नाही ओरडत."

"म्हणजे घरी ओरडता."

"कधीकधी. सासू तशी मिळालीय."

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज झाला. "मला शिकायचंय. वय जरा जास्त आहे."

"किती?"

"ते गाडीला सांगावं लागतं का?"

"नाही."

"आमच्या ह्यांनी एकदा शिकवायला घेतलं होतं. पहिल्याच वळणावर असे ओरडले, की मी उतरले आणि चालत घरी आले. परत कधी त्या सीटवर बसलेच नाही."

ठिणगीनं हे जन्मात ऐकलं नव्हतं. तिच्या तोंडावर आलेलं हसू तिथंच राहिलं.

"सोमवारी सुरू करू," वहिनी म्हणाली. मग भिंतीकडे बघून, "गाडी राहिली तर. रविवारी कुणीतरी बघायला येणार आहे."

"नाही येणार. सकाळीच सांगितलंय त्याला."

वहिनीनं डोळे मिटले. ठिणगी भिंतीला पाठ घासत सरळ खाली जमिनीवर बसली.

"बरं," वहिनी म्हणाली. तिनं वही पुढं ओढली. "नाव काय लिहू?"

"नाव नंतर सांगते," आई कुजबुजली. "घरात माणसं आहेत."