माझे तिसरे बटण

मित्रांनो, दारामागच्या खुंटीवर लटकतो आहे तो खाकी ओव्हरकोट म्हणजे मी. वयाने जुना, अंगाने जाड आणि, आधीच सांगून टाकतो, स्वभावाने भारी मत्सरी. लोकरीला कसर लागते असे तुम्ही ऐकले असेल. मला कसर कधी लागली नाही, लागला तो हेवा. माझी हकीकत ऐकताना मी कोणाला नावे ठेवू लागलो तर तेवढे पोटात घाला.

माझा जन्म लष्करी कपड्यांच्या कारखान्यात झाला. एका रंगाचे, एका मापाचे आम्ही कितीतरी भाऊ ढिगाने पडलो होतो. त्यातून मी आत्माराम निकम यांच्या वाट्याला आलो. ते साताऱ्याकडचे, तेव्हा पलटणीत नाईक होते. अंगाने किरकोळ, त्यामुळे माझ्या बाह्या त्यांच्या बोटांवर उतरत. महायुद्धात आम्ही दोघे बोटीने इटलीला गेलो. तिथल्या डोंगरांत हाडे गोठवणारा हिवाळा होता. ते माझ्यात झोपले, माझ्यात जेवले, आणि घरच्या आठवणीने रडले तेही माझ्याच कॉलरमध्ये तोंड खुपसून. एवढा जवळचा मी!

एकदा त्यांनी मोहन नावाच्या जखमी सोबत्याला छातीशी धरून डोंगर उतरवला. मोहनने माझे वरून तिसरे बटण मुठीत घट्ट धरले होते. खाली पोचल्यावर त्याला स्ट्रेचरवर ठेवले तेव्हा बटण तुटून त्याच्या मुठीतच राहिले. मोहन वाचला नाही. त्याची मूठ कोणी उघडली नाही आणि माझे बटण त्याच्याबरोबर गेले.

लढाई संपली. आत्माराम पुढे सुभेदार होऊन निवृत्त झाले. घरी त्यांची पदके मखमलीच्या डबीत राहायला गेली. पंधरा ऑगस्ट आला की त्यांना चिंच लावून लखलखीत करायचे, पाहुण्यांना दाखवायचे. आणि मी? मी ट्रंकेच्या तळाशी, डांबरगोळ्यांच्या सोबतीला! इटलीत त्या पदकांनी कोणाला ऊब दिली होती? माझा नुसता तिळपापड व्हायचा. सुभेदारांच्या पत्नी मालिनीबाई एकदा म्हणाल्या, "अहो, हे तिसरं बटण लावून देऊ का? बरं नाही दिसत." सुभेदार म्हणाले, "राहू दे." बाईंनीही पुढे काही विचारले नाही.

मालिनीबाई गेल्या. घर सुने झाले. सुभेदारांची लेक वीणा तेव्हा जर्मनीत, हायडेलबर्गला होती. तिचा नवरा श्रीरंग तिथल्या विद्यापीठात रसायनशास्त्रात संशोधन करत होता. "आबा, एक हिवाळा आमच्याकडे काढा," असे वीणाने कळवले. हिवाळा म्हटल्यावर ट्रंक उघडली. मी वर आलो, पदके खाली राहिली. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

बोटीने जिनोआ गाठले. तिथून आगगाडी. खिडकीतून इटलीचे डोंगर दिसू लागले तसा सुभेदारांचा हात छातीवर, बटणाच्या रिकाम्या जागेवर गेला. गाडी पुढे जाईपर्यंत तो तिथेच राहिला.

हायडेलबर्गला नदीच्या काठी, चढणीवर, फ्राऊ हेर्टेल नावाच्या बाईंचे घर होते. वरच्या दोन खोल्या श्रीरंगकडे भाड्याने होत्या आणि स्वयंपाकघर सामाईक होते. हेर्टेलबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. नवरा लढाईवर गेला तो रशियातून परत आलाच नव्हता. सुभेदार दारात आले तेव्हा बाईंनी आधी माझ्याकडे पाहिले. कोणत्या सैन्याचा कोट आहे हे त्यांना तेव्हाच कळले. तरी त्या "या, या" म्हणाल्या. सुभेदार खूश झाले. जर्मनमध्ये 'या' म्हणजे 'हो', हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना वाटले, बाईंनी मराठीत अगत्याने बोलावले.

श्रीरंग आणि वीणा दिवसभर कामावर. सुभेदार मला अंगात घालून स्वयंपाकघरातल्या शेगडीजवळ बसायचे. दुपारी हेर्टेलबाई कॉफीची किटली घेऊन पुढ्यात यायच्या आणि विचारायच्या, "काफे?" सुभेदारांना जर्मन एकच शब्द येत होता, आभाराचा. ते हसून, मान लववून म्हणायचे, "डांके!" बाई मान डोलवायच्या आणि किटली परत न्यायच्या.

हे रोज घडू लागले. कॉफीचा वास सगळ्या खोलीत दरवळायचा आणि सुभेदार कोरडेच बसायचे. एकदा ते माझ्या कॉलरमध्ये पुटपुटले, "आपण यांच्याविरुद्ध लढलो ना. म्हणून वास दाखवते आणि घेऊन जाते." वीणाला मात्र त्यांनी काही सांगितले नाही. घरमालकिणीशी लेकीचे वाकडे यायला नको. त्यांनी एवढेच सांगून टाकले, "मी पुढच्या बोटीने परत जातो." वीणाने खूप विचारले. ते म्हणाले, "जीव रमत नाही."

वीणा रडकुंडीला आली. आबांना बरे वाटावे, ते राहावेत, म्हणून श्रीरंगचा मित्र श्यामकांत याने बेत काढला. सव्वीस जानेवारीला सुभेदारांचा सत्कार करायचा, शाल आणि श्रीफळ देऊन. शाल वीणाकडे होती, तिच्या लग्नातली, काश्मिरी. नारळ मात्र गावात मिळेना. श्यामकांत बाजारातून झेलरीचा गड्डा घेऊन आला. ही इथली भाजी, जमिनीखाली वाढणारी. रंग तपकिरी, अंगावर मुळांच्या जटा. "गेनाऊ! अगदी तंतोतंत! शेंडीसकट आहे की नाही?" असे म्हणून त्याने त्याला हळद-कुंकू लावले.

सत्कार दुपारी वरच्या खोलीत झाला. सुभेदार नेहमीप्रमाणे मला घालून बसले होते. श्यामकांत म्हणाला, "आबा, कोट काढा. शाल पांघरायचीय."

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या अंगाची किती आग झाली! मला काढून दाराच्या खुंटीवर टांगले. माझ्या जागी ती नाजूक, गुळगुळीत, अत्तर लावलेली शाल जाऊन बसली. मी ज्या खांद्यांवर बर्फ झेलले त्या खांद्यांवर ती टाळ्या झेलत होती. तिने कधी गोळीचा आवाज ऐकला होता? मी मनातल्या मनात तिला नाही नाही ते बोललो.

श्यामकांतने जोरदार भाषण केले. "ब्रह्मदेशाच्या घनदाट जंगलात आबांनी पराक्रम गाजवला," असे तो म्हणाला. इटलीचा ब्रह्मदेश झाला! सुभेदारांनी दुरुस्ती केली नाही. ते झेलरीचा गड्डा मांडीवर घेऊन बसले होते. मला शालीचा राग येत होताच. आता सगळ्यांचाच आला.

टाळ्या ऐकून हेर्टेलबाई ट्रे घेऊन आत आल्या आणि आधी सुभेदारांपुढे उभ्या राहिल्या. "काफे?"

"डांके," सुभेदार म्हणाले. बाई वळल्या.

श्रीरंगने विचारले, "अहो आबा, कॉफी का नाही घेत?"

"घेतो म्हणतोय की! रोज म्हणतो. बाईच परत नेतात."

मग श्यामकांत डोके खाजवत म्हणाला, "आल्झो, म्हणजे... आबा, इथे कोणी काही विचारलं आणि आपण डांके म्हटलं, तर त्याचा अर्थ नको. हवं असेल तर बिट्टे म्हणायचं."

"म्हणजे मी रोज या माउलीला नको म्हणत होतो?"

वीणाने बाईंना जर्मनमध्ये सगळे समजावले. बाई मटकन खुर्चीवर बसल्या. त्या हसत होत्या आणि एप्रनने डोळे पुसत होत्या. इंग्रजांचा शिपाई आपल्या हातचे घेत नाही, असे त्यांनी इतके दिवस मनात धरले होते. सुभेदारांनी ताठ बसून "बिट्टे" म्हटले आणि कॉफीचे दोन कप संपवले.

ट्रे घेऊन परत जाताना बाई दाराशी थबकल्या, माझ्यासमोर. त्यांचे बोट माझ्या छातीवरच्या रिकाम्या जागेवर टेकले. त्यांनी वळून काही विचारले. वीणा म्हणाली, "आबा, त्या विचारतायत, हे बटण कुठे गेलं?"

इतक्या वर्षांत बटण लावून देऊ का, असे विचारणारे पुष्कळ भेटले. ते कुठे गेले, असे कोणीही विचारले नव्हते.

सुभेदारांनी शाल सावरली आणि सांगितले. डोंगर, बर्फ, मोहन, त्याची मिटलेली मूठ. वीणा भाषांतर करत होती. तिनेही हे पहिल्यांदाच ऐकले होते. मुठीपाशी आल्यावर तिला पुढे बोलता येईना, शेवटचे वाक्य श्रीरंगने पुरे केले. श्यामकांत हळूच म्हणाला, "आबा, मी ब्रह्मदेश म्हणालो. चुकलं माझं."

हेर्टेलबाईंनी मला खुंटीवरून उतरवून आपल्या खोलीत नेले आणि कपाट उघडले. आत एक काळा कोट होता, त्यांच्या नवऱ्याचा, रविवारी चर्चला जाताना घालायचा. कोपर झिजलेले नाही, कॉलर मळलेली नाही. इतकी वर्षे बाई त्याला ब्रश करत आल्या होत्या. आधी मला त्याचाही हेवा वाटला. मी कसा फाटका, तो कसा नवा! मग त्याचे खांदे दिसले. ते लाकडी हँगरवर होते. लढाईपासून त्यात कोणी हात घातला नव्हता. मला पहिल्यांदा माझीच लाज वाटली.

बाईंनी त्या कोटाचे एक काळे बटण कापले. सुईदोरा घेऊन त्या सुभेदारांपुढे आल्या, बटण तळहातावर धरले आणि त्यांच्याकडे पाहिले. मालिनीबाईंना "राहू दे" म्हणणारे सुभेदार! मी श्वास रोखून होतो. एक शब्द चुकला असता तर बाई पुन्हा वळल्या असत्या.

"या," सुभेदार म्हणाले. "बिट्टे."

बाईंनी बटण शिवले आणि दोरा दातांनी तोडला. सुभेदारांनी वीणाकडे पाहिले, तिने मानेने होकार दिला. मग त्यांनी अंगावरची शाल काढून हेर्टेलबाईंच्या खांद्यांवर पांघरली, झेलरीचा गड्डा त्यांच्या ओंजळीत ठेवला आणि एक कडक सलाम ठोकला. बाईंना सत्कार वगैरे काय कळणार? कुंकू लावलेली भाजी पाहून त्या चकित झाल्या. संध्याकाळी त्यांनी ती धुऊन तिचे सूप केले आणि सगळ्यांना वाढले. सुभेदार पुढच्या बोटीने गेले नाहीत. ते वसंत येईपर्यंत राहिले आणि रोज कॉफी प्यायले.

आता आम्ही साताऱ्यात आहोत. लोक अजून सत्काराला येतात, शाली आणतात. आणोत बापडे. तुम्हीही एखाद्या जुन्या सैनिकाचे आभार मानायला जाल, तेव्हा शाल जरूर न्या. पण आधी त्याच्याजवळ बसा, त्याचे काय हरवले ते विचारा, आणि सांगू लागला तर उठू नका.

आणि माझी एक विनंती. मला उन्हात टाकाल तेव्हा त्या काळ्या बटणाला जपा, त्याचा दोरा सैल झाला तर घट्ट करा. माझे त्याच्याशी अजिबात पटत नाही. सुभेदार मला अंगात घालतात तेव्हा त्यांचा हात सगळ्यात आधी त्याच्याकडे जातो, माझ्याकडे नाही. मी अजूनही जळतो. पण ते तुटता कामा नये.