किल्लीमावशीचा कुलूपबंद डबा

जुना आहे मी, पत्र्याचा आहे आणि एका कुशीला चांगलाच चेपलेलो आहे. तरी मित्रांनो, मला हसण्यावारी नेऊ नका. माझा पत्रा मुळात एका जहाजाच्या धुराड्याचा. ते धुराडं इतकं रुबाबदार होतं, की एका देवमाशाला ते आपल्याच नात्यातलं वाटलं आणि तो आठवडाभर जहाजाच्या मागेमागे पोहत आला. खोटं वाटतं? वाटू द्या. जहाज मोडीत निघालं, पत्रा कारखान्यात गेला, दणादण ठोके बसले आणि मी डबा होऊन बाहेर पडलो. झाकणावर फुलं, पोटात बिस्किटं.

पण स्वभाव धुराड्याचाच राहिला. आत काय शिजतंय आणि बाहेर काय चाललंय, दोन्ही कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मी ज्या घरी आलो ते घर म्हणजे दुकानामागच्या दोन खोल्या. दुकान कुलपांचं. भिंतभर किल्ल्या टांगलेल्या, दार उघडलं की वाऱ्याने सगळ्या किणकिणत. दुकान चालवणाऱ्या बाईला सगळी गल्ली किल्लीमावशी म्हणायची. कुणाचं कपाट अडकलं, कुणाची किल्ली आत राहून दार लागलं, की मावशीला हाक. ती कुलपाला कान लावायची, बारीक तार आत सरकवायची, डोळे मिटायची, आणि कुलूप जांभई दिल्यासारखं उघडायचं. तिचा नवरा पाट्या रंगवायचा. त्याच्या नखांत कायम रंग आणि ओठांवर कायम थट्टा.

तेव्हाचे माझे दिवस मानाचे होते. चहाच्या वेळी मी टेबलाच्या मधोमध. झाकण उघडायचं, दोघं बिस्किटं घ्यायची, गप्पा रंगायच्या, झाकण लागायचं.

मग एकदा एक गिऱ्हाईक दारासाठी भक्कम कुलूप मागायला आलं. मावशी कुलपं दाखवत होती. तो तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाला, "मावशी, कुलूप कशाला? तुम्हीच दारात उभ्या राहा की! कोण शिरतंय आत?"

दुकानातले सगळे हसले. मावशीही हसली, सगळ्यांत मोठ्याने. त्या दिवशी चहाच्या वेळी माझं झाकण उघडलं नाही.

"आजपासून बिस्किटं बंद," ती नवऱ्याला म्हणाली. "पाव बंद, बटाटा बंद, सकाळचं खाणं बंद."

"श्वास चालू ठेवणार आहेस ना?"

"थट्टा नको. तू खा हवी तर, पण हा डबा लपव कुठेतरी."

त्याने मला कपाटावर ठेवलं. तिथे सापडलो, म्हणून धुवायच्या कपड्यांखाली. तिथेही सापडलो, तेव्हा त्या पठ्ठ्याने माझ्या झाकणावर सुंदर अक्षरांत 'खिळे' असं रंगवलं आणि मला हातोड्याशेजारी मांडलं. मावशीने मला पहिल्याच फटक्यात ओळखलं. खिळ्यांच्या डब्याला लोण्याचा वास येतो होय?

ती यायची दुपारी, घर रिकामं असताना. पहिल्यांदा मला वाटलं, एखादं घेईल. तिने उभ्या उभ्या खाल्ली, कुणी पाठीस लागल्यासारखी, चव न घेता. माझा तळ दिसला तेव्हाच थांबली. तळाच्या चकचकीत पत्र्यात तिचा चेहरा उमटला होता. इतका दुःखी चेहरा मी कधी पाहिला नव्हता. "उद्यापासून आणखी कडक," ती पुटपुटली आणि रात्री जेवलीच नाही.

मी कोड्यात पडलो. बिस्किटं आवडतात म्हणावं, तर चेहरा असा का? मी शेजारच्या किटलीला विचारलं. ती फुत्कारली, "हावरट आहे, दुसरं काय!" पण हावरट माणूस रडत रडत खातो का? मी पाळत ठेवली आणि एक गंमत ध्यानात आली. मावशी ज्या दिवशी सकाळी जेवायची त्या दिवशी दुपारी मला नुसती ओलांडून जायची. ज्या दिवशी उपाशी राहायची त्या दिवशी माझा फडशा. मला पत्र्याच्या डब्याला हे दिसत होतं, आणि तिला वाटत होतं की कुलूप कमी पडतंय!

कुलूपवाली ना ती. तिने माझ्यावर कडी ठोकली, कुलूप घातलं आणि किल्ली नवऱ्याकडे दिली. दुपारी तार घातली, उघडलं. मग त्याहून पक्कं कुलूप. तेही उघडलं. मग आकड्यांचं. आकडे नवऱ्याने गुपचूप लावले, मावशीने कान लावून उघडलं. गावातलं एकही कुलूप जिला अडवू शकत नव्हतं ती स्वतःला कुलपाने अडवायला निघाली होती. शेवटी माझ्या अंगावर इतकी कुलपं लटकली, की मला उचलायला दोन हमाल बोलवावे लागत. बरं, एक हमाल.

आणि मग तिचे हात बिघडले. उपाशी पोटी तार धरली की बोटं थरथरायची. ज्या हातांवर दुकान चालत होतं ते हातच दगा देऊ लागले. घाबरून ती आणखी कडक झाली. घरात डबा नकोच म्हणून तिने मला एका कुलपासह हत्यारांच्या थैलीत कोंबलं. आणि नेमकी तीच थैली उचलून तिला धावत जावं लागलं.

समोरच्या इमारतीत एकट्या राहणाऱ्या आजी न्हाणीघरात अडकल्या होत्या. आतलं कुलूप फिरेना. शेजाऱ्यांनी मावशीला आत सोडलं आणि ते आपल्या कामाला गेले.

"आजी, घाबरू नका. आत्ता उघडते."

"घाबरतंय कोण?" दारामागून खणखणीत आवाज आला. "जन्मभर दवाखान्यात नर्स होते मी. इथे पाणी आहे, स्टूल आहे. चालू द्या तुमचं."

तार आत गेली, खरखरली, सुटली. पुन्हा गेली आणि खाली पडली. तार आत तुटली असती तर दारच फोडावं लागलं असतं.

"तुमचा हात कापतोय," आजी म्हणाल्या.

"तुम्हाला कसं कळलं?"

"ऐकू येतंय ना. उंदरासारखं कुरतडताय. शेवटचं कधी जेवलात?"

मावशी म्हणाली, "काल. पण ते जेवण नव्हतं."

"मग काय होतं?"

समोर माणूस असता तर तिने हसून वेळ मारून नेली असती. पण समोर होतं दार, आणि दारांशी तिची जन्माची ओळख. तिने दाराला सगळं सांगितलं. ते गिऱ्हाईक, ती बंदी, त्या दुपारी, मी.

आजींनी शांतपणे ऐकलं. "थैलीत खायला काही आहे?"

"बिस्किटं आहेत. पण कुलपात आहेत."

आतून असं खदखदून हसू फुटलं की नळसुद्धा खुळखुळले. "मी कुलपात, बिस्किटं कुलपात! तुम्ही एकट्या तेवढ्या मोकळ्या, आणि तुम्हीच उपाशी? आधी त्यांना सोडवा. मी काही शिळी होत नाही."

"पण आजी, एकदा सुरू केलं की मला थांबता येत नाही."

"मग बसून खा. आणि चव सांगत खा. इथे मला साबणाशिवाय कशाचाच वास नाही."

मावशी जमिनीवर बसली. माझं कुलूप उघडायलाही तिला झटापट करावी लागली. तिने एक घास घेतला. "कुरकुरीत आहे," ती हळूच म्हणाली. "लोण्याचं. कडेला जरा करपलंय." इतकी बिस्किटं तिने माझ्यातून नेली होती, पण त्यांची चव तिने आज सांगितली! "आणखी घेऊ?"

"मला काय विचारता? पोटाला विचारा."

तिने आणखी घेतली, पाणी प्यायली, जरा टेकली. बोटं स्थिरावली. माझ्यात बिस्किटं उरली होती, आणि तिने झाकण लावलं. नुसतं झाकण. मग दाराला कान लावला, डोळे मिटले, आणि कुलूप उघडलं.

डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या ठेंगण्या आजी बाहेर आल्या. "हे एवढ्याने बरं होणार नाही, हं," त्या म्हणाल्या. "उपाशी राहायचं, मग तुटून पडायचं, मग शिक्षा म्हणून पुन्हा उपाशी. हा भोवरा आहे, पोरी. हावरेपणा नव्हे. यावर इलाज करणारी माणसं असतात. येतेस माझ्याबरोबर?"

ती गेली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, वेळेवर जेवायचं, कुठलाही पदार्थ गुन्हेगार ठरवायचा नाही, आणि एखादा दिवस बिघडला तरी पुढचं जेवण चुकवायचं नाही. नवऱ्याने माझी कडी उपटली आणि मला पुन्हा टेबलावर ठेवलं.

देवमाशाबद्दल मी थोडं वाढवून सांगितलं असेल, पण याबद्दल नाही. जादू झाली नाही. एका दुपारी तिने मला पुन्हा पार रिकामं केलं. "उद्यापासून..." ती म्हणू लागली. तेवढ्यात नवरा आला. त्याने रिकामा डबा पाहिला, तिच्याकडे पाहिलं. थट्टा केली नाही. संध्याकाळी त्याने दोन ताटं मांडली.

"आता? एवढं खाल्ल्यावर?"

"थोडंच घे. मीही बसतो."

ती बसली आणि थोडं जेवली. दुसऱ्या दिवशी सकाळीही जेवली. भोवऱ्याचा जोर ओसरला तो त्या ताटापाशी, असं मला वाटतं.

पुढे कितीतरी दिवसांनी नवऱ्याने माझं झाकण उघडून एक बिस्कीट तोंडात टाकलं आणि तोंड वाकडं केलं. "अगं, ही तर सादळली! कधीची पडून आहेत?"

"अय्या," मावशी आतून म्हणाली, "विसरलेच की मी."

आपण काय बोलून गेलो, ते मग तिच्या ध्यानात आलं. ती दारात आली, आणि दोघं एकमेकांकडे बघून हसू लागली. तिचे डोळे भरून आले होते. आतली बिस्किटं सादळणं यासारखी डब्याची नाचक्की नाही. मित्रांनो, मी मात्र त्या दिवशी धुराड्यासारखा ताठ उभा होतो.

तुमच्या घरात कुणी जेवण टाळत असेल, लपून खात असेल, तर त्याच्या अंगावरून विनोद करू नका. डबा लपवू नका. दोन ताटं मांडा आणि शेजारी बसा. आणि ते कुणी म्हणजे तुम्हीच असाल, तर कुणातरी भल्या माणसाला सांगा. समोरासमोर जमत नसेल, तर दाराआडून सांगा.