सहावं पान

तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत मिस कीटिंग यांनी कागद टेबलावर ठेवले, तशी थर्मनने खुर्ची मागे ओढली. अकरा वर्षांपूर्वी कमी शिक्षेच्या बदल्यात त्याने सही केलेला गुन्ह्याच्या कबुलीचा करार होता तो.

“घाबरताय काय? बातमी चांगली आहे,” वकीलबाई म्हणाल्या. “तुमच्या गुन्ह्याची शिक्षा सरकारने कमी केलीय. करार केलेल्यांना आधी त्याचा फायदा नव्हता, आता अर्ज करता येतो. चार वर्षं सुटतील.”

“म्हणजे कायद्याला एकदाची आमची आठवण आली म्हणायची!”

तो हसला, पण नजर कागदांवरच होती. सहाव्या पानावर वेंडेलचं नाव होतं. ड्रग्जचा माल कुणाचा, कुठे लपवलाय, सगळं थर्मनने सांगून टाकलं होतं. वेंडेल त्याचा मावसभाऊ, एका ताटात जेवलेला. त्याने कबुली दिली नाही, खटला लढला, वीस वर्षांची शिक्षा घेतली आणि चौथ्याच वर्षी तुरुंगातच वारला.

“सुटल्यावर राहणार कुठे? न्यायाधीश विचारणार.”

“लोरेटा मावशीकडे. तिनंच वाढवलंय मला.”

“त्या लिहून द्यायला तयार आहेत. पण म्हणाल्या, सही करण्याआधी सगळे कागद वाचणार. पाठवू ना?”

थर्मनने सहावं पान उलटं करून ठेवलं. दर नाताळला मावशीचं पत्र यायचं आणि त्याची शेवटची ओळ ठरलेली असायची: ज्यानं माझ्या वेंडेलचं नाव घेतलं, त्याला देव बघून घेईल. ती ओळ अंगठ्याने झाकूनच तो पत्र वाचायचा.

“नाही पाठवले तर?”

“दुसरा पत्ता आहे?”

नव्हता. शिवाय या लपवालपवीचा त्याला आता वीट आला होता.

“पाठवा,” तो म्हणाला.

तीन आठवड्यांनी मावशीचं पाकीट आलं. सवयीने त्याचा अंगठा पत्राच्या तळाशी गेला. वर एवढंच होतं: कागद वाचले. सही करून दिली. वेंडेलची खोली झाडून ठेवलीय, त्याच्या पलंगावर नवी चादर घातलीय. तू तिथंच झोपायचं.

अंगठा उचलायला त्याला बराच वेळ लागला. खाली काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्याच दुपारी तो फोनच्या रांगेत उभा राहिला.

“मॅडम,” त्याने वकीलबाईंना विचारलं, “अर्ज मागे घेता येतो का?”