वाटून झालेली पिल्लं

"काका, माझं पिल्लू नरच हवं हं," दाताचे डॉक्टर चौथ्या मजल्याच्या उघड्या दारातून खाली वाकून म्हणाले.

काका तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मधोमध, लिफ्टच्या टपावर उकिडवे बसून दोर तपासत होते. त्यांनी मान वर केली.

"डॉक्टर, आधी मागे व्हा. पिल्लू नंतर, आधी तुम्ही."

डॉक्टर एक पाऊल मागे सरले. "तोंड मात्र चांगलं मोठं पाहिजे. माणूस बघूनच घाबरला पाहिजे."

तुम्हाला घाबरतातच की लोक, असं काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी नुसती मान डोलावली. काकांच्या ओठांवर आलेलं बहुतेक सगळं आजवर तिथूनच परत गेलेलं आहे.

त्या कुत्र्याच्या पिल्लाचा अजून पत्ताच नव्हता. त्याच्या आईबापांनी एकमेकांना पाहिलंसुद्धा नव्हतं. तरी एक दाताच्या डॉक्टरांना, एक लाकडाच्या वखारवाल्याला, एक काकूंच्या भावाला आणि काकांच्या कंपनीतल्या साहेबांना दोन, अशी वाटणी होऊन गेली होती. बाजारात तुरी म्हणतात ती हीच.

काकांचा सगळा जन्म लिफ्टच्या दुरुस्तीत गेला. लिफ्ट नीट चालत असली की मेकॅनिक कोणाला आठवत नाही, आणि बंद पडली की लोक त्याच्याशी चांगलं बोलत नाहीत. केबिनमध्ये शेजारी उभा असला तरी सगळे मजल्याच्या आकड्याकडे बघतात. आता मात्र रस्त्यात माणसं थांबवून विचारत होती, काका, कधी? माझं नाव लक्षात आहे ना? आणि काकांना ते आवडत होतं. का आवडू नये?

हे सगळं घडलं ते बाईमुळे. बाई म्हणजे काकांची मास्टिफ कुत्री. कमरेइतकी उंच, घागरीएवढं डोकं, चालणं शाळेच्या मुख्याध्यापिकेचं, म्हणून नाव बाई. काका तिच्याशी बोलताना अहोजाहो करत. "मला कधी अहो म्हणालात का?" असं काकू दर दोन दिवसांनी विचारत. तीन वर्षांपूर्वी काका एका बंगल्यात लिफ्ट दुरुस्त करायला गेले होते. ही तिथे मागच्या बाजूला बांधलेली होती. तिथे येण्याआधीही एका घराने तिला परत केलेलं. भुंकत नाही, राखण करत नाही, नुसती खाते, असा तिच्यावर ठपका. दुसऱ्या दिवशी तिला कायमचं झोपवायचं इंजेक्शन द्यायचं ठरलं होतं. काकांनी हत्यारांच्या पेट्या एका बाजूला सारून तिला कंपनीच्या गाडीत घातलं आणि घरी आणलं.

काकांच्या साहेबांकडे मेजर होता, रॉटवायलर. साहेबांचीच कल्पना: बाईचा आकार आणि मेजरची हुशारी एकत्र आली तर काय कुत्रं होईल! बाई माजावर आल्याचं कळल्यापासून त्यांचा रोज फोन येई.

"काका, रविवारी सकाळी मेजरला आणतो. आणि हो, तुम्ही महिनाअखेर रिटायर होताय ना? नवीन पोरांना शिकवायला कोणीतरी जुनं माणूस लागणारच आहे मला. बघू आपण."

दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं साहेब कधीही म्हणाले नाहीत. फक्त दोन्ही नेहमी एकाच श्वासात येत. काकांना ते शिकवायचं काम हवं होतं. इतकं हवं होतं की जेवताना त्यांचा घास हातातच राही.

शुक्रवारी वखारीतली माल चढवायची लिफ्ट बघायला ते गेले. काम झाल्यावर वखारवाल्याने त्यांना हाताला धरून मागे नेलं.

"ही बघा, तुमच्या पिल्लाची जागा."

कापायच्या करवतीला लागून भिंतीत एक कडी ठोकलेली होती. कडीला साखळी. काकांनी नजरेनेच लांबी मोजली. कुत्र्याला कूस बदलता येईल, बस्स.

"करवतीचा आवाज फार होईल नाही त्याला?"

"होऊ दे की. त्यानंच तिखट होतं जनावर. अर्धपोटी ठेवायचं, माणसाचा हात लावू द्यायचा नाही. मग बघा."

"हो," काका म्हणाले. भीड भिकेची बहीण, हे काकांना पाठ होतं आणि तरी ते हो म्हणाले. बाहेर आल्यावर मात्र त्यांना आपलाच राग आला.

शनिवारी ते बाईला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईला एक इंजेक्शन टोचायचं होतं. काकांनी तिचं डोकं दोन्ही गुडघ्यांत धरलं, ती हलली नाही. डॉक्टरीणबाईंनी हात धुतले आणि सरळच बोलायला लागल्या.

"तुमच्या बाईचं वय पाच. पहिलं बाळंतपण जड जाऊ शकतं, ते एक. दुसरं म्हणजे मास्टिफ स्वतःच्या डोक्यानं चालते. सांगितलेलं ऐकेलच असं नाही, पण ती सहसा चावतही नाही. रॉटवायलर सांगितलेलं ऐकतो, पण दात लावायला वेळ लावत नाही. तुम्हाला कोणाचं काय हवंय?"

"साहेब म्हणतात, तिचं अंग आणि त्याचं ऐकणं."

"आणि एखाद्यात त्याचे दात आणि तिचं न ऐकणं आलं तर? निवड आपल्या हातात नसते, काका. एकाच वेताची पिल्लं, पण प्रत्येक वेगळं. चांगली पण होतील. पण ती कुठे जातात, कोण सांभाळतं, त्यावर बरंच काही."

काकांच्या डोळ्यांपुढे भिंतीतली कडी आली.

संध्याकाळभर घरात कोणाला चैन नव्हतं. बाई स्वयंपाकघरातून अंगणात आणि अंगणातून स्वयंपाकघरात येरझारा घालत होती. तिच्या मागोमाग काका. काकूंनी हातातलं निवडायचं ताट खाली ठेवलं.

"दोघांपैकी एकानं तरी बसा. मला गरगरायला लागलंय."

"अगं, साहेबांना शब्द दिलाय."

"सगळ्यांनाच दिलाय तुम्ही. मला एक सांगा, ही आपल्याकडे कशी आली?"

"कशी म्हणजे? नको होती त्यांना."

"मग यांतलं एखादं नको झालं तर? दाताच्या डॉक्टरांना चावलं, माझ्या भावाच्या नातीवर धावून गेलं, तर ते कोणाचं?"

दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये आधी आपण चढायचं आणि मगच लोकांना चढू द्यायचं, हे काकांना त्यांच्या पहिल्या मिस्त्रीने शिकवलं होतं, आणि जन्मभर त्यांनी ते पाळलं होतं. पिल्लांच्या बाबतीत आधी चढणार कोण?

"धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय माझं," ते शेवटी म्हणाले.

"कळतंय मला," काकू म्हणाल्या. "ते काम तुम्हाला किती हवंय तेही कळतंय. म्हणून तर मी नको म्हणत नाही. नुसतं विचारतेय."

रविवारी साहेब आले. बरोबर मेजर आणि मेजरला सांभाळणारा माणूस. मेजर खरोखर देखणा होता आणि शहाणाही; बस म्हटलं की बसत होता. साहेबांनी येताना काकूंसाठी फळं आणली होती. वाईट माणूस नव्हे ते. वाईट असते तर काकांचं काम सोपं झालं असतं.

बाईने मेजरला एकदा हुंगलं, गुरगुरली आणि पाण्याच्या टाकीला पाठ लावून खाली बसली. पुन्हा उठवलं, पुन्हा बसली.

"पहिल्यांदा असंच करतात," तो माणूस म्हणाला. "मुसकं बांधू या. मालकानं डोकं धरायचं. झालं."

मुसकं काकांनीच बांधलं, कारण दुसऱ्या कोणाला तिने ते बांधू दिलं नसतं. मग त्यांनी खाली बसून तिचं डोकं दोन्ही गुडघ्यांत घेतलं. आणि बाई उभी राहिली, अगदी शांत. कालही काकांनी असंच धरलं होतं, सुई टोचली होती, मग सोडलं होतं. आजही तसंच काहीतरी असेल, असं तिला वाटलं असणार. तिने घागरीएवढ्या डोक्याचा सगळा भार काकांच्या मांडीवर टाकला आणि वर बघितलं. मेजरला पुढे आणत होते.

काकांना इतकी लाज वाटली की कान तापले. त्यांनी मुसक्याची गाठ सोडली.

"साहेब, नको."

"अहो काका, दोन मिनिटांचं काम आहे."

"नको. पिल्लंच नकोत. उद्या त्यातलं एखादं परत आलं तर त्याला घेऊन मी कुठे जाऊ? आणि हिला मी असं धरणार नाही."

साहेबांनी मेजरला मागे घ्यायला सांगितलं. रागावले नाहीत. "तुमची मर्जी," म्हणाले, चहा घेऊन गेले, आणि जाताना शिकवायच्या कामाबद्दल काही बोलले नाहीत.

गंमत पुढेच झाली. दुसऱ्या दिवशी बाईचं मन पालटलं. ती फाटकाशी उभी राहून मेजर गेला त्या दिशेला तोंड करून रडायला लागली. दोन दिवस अन्नाला शिवली नाही. काका जवळ गेले की पाठ करून बसे.

"बसा आता," काकू म्हणाल्या. "ना तिचं झालं, ना तुमचं." पण त्यांनी काकांच्या पाठीवरून हात फिरवला, तो बराच वेळ.

दाताचे डॉक्टर नुसतं "अच्छा" म्हणाले आणि आत गेले. वखारवाल्याने दुसरीकडून पिल्लू आणलं. रस्त्यात आता कोणी थांबवत नव्हतं. निरोपाच्या समारंभात साहेब चांगलं बोलले, काकांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पोरांना शिकवायला दुसऱ्या शाखेतला माणूस आला होता, त्याचीही ओळख तिथेच करून देण्यात आली. काकांनी त्याच्याशी हात मिळवला.

पुढच्या सकाळी काका नेहमीच्याच वेळेला उठले. दाढी केली, चहाचा कप घेऊन पायरीवर बसले. बाई फाटकाशी उभी होती. रोज ती काकांना तिथपर्यंत पोचवायची, ते बाहेर पडून कडी लावायचे, आणि मग ती फाटकाला आडवी पडायची, संध्याकाळपर्यंत. तिचं कामच होतं ते. आता ती एकदा रस्त्याकडे बघत होती, एकदा काकांकडे. चहा संपला. ऊन पायरीवर आलं. बाई उभीच.

काकू दारात आल्या. "अहो, आज ती बसत का नाही?"

"मी गेल्याशिवाय बसत नाही ती."

काका उठले. आत जाऊन त्यांनी बूट घातले, खुंटीवरची हत्यारांची रिकामी पिशवी खांद्याला लावली. काकांनी बाईच्या डोक्यावर हात ठेवला, "येतो, बाई," म्हणाले, आणि बाहेर पडून फाटकाला कडी लावली. बाई एकदा स्वतःभोवती फिरली, सुस्कारा टाकून आडवी झाली.

काका रस्त्यावर उभे राहिले. जायचं कुठेच नव्हतं. पण तिने मान वर केलेली होती आणि ती बघत होती, म्हणून ते कोपऱ्याच्या दिशेने चालायला लागले.