वसुधाताईंना दोन तारे

सानिकाला सांभाळणारं कोणी मिळेपर्यंत मुक्ताचे सात महिने गेले होते. डब्लिनच्या ल्यूकन उपनगरातल्या चार पाळणाघरांच्या वेटिंग लिस्टवर तिचं नाव होतं. त्यातल्या एका बाईंनी तर फोनवर प्रामाणिकपणे सांगून टाकलं होतं, की नंबर लागेल तेव्हा मुलगी शाळेत जात असेल. मग कोणीतरी वसुधाताईंचं नाव सुचवलं. मुक्ताच्याच वसाहतीत, अकरा घरं सोडून राहायच्या, वय एक्कावन्न, आधीच दोन मुलं सांभाळत होत्या.

पहिल्या भेटीत मुक्ताने जिन्याचं फाटक हलवून पाहिलं, खिडक्यांच्या कड्या पाहिल्या, फिनाईल ठेवलेल्या कपाटाला कुलूप आहे ना तेही पाहिलं. आपण हे सगळं अगदी सहज, गप्पा मारता मारता करतोय, असा तिचा समज होता. वसुधाताई द्राक्षं उभी चिरत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "मागचं दार राहिलं बघायचं. आणि फ्रीज."

मुक्ताने तेही पाहिलं. दुसऱ्या सोमवारपासून सानिका तिथे जायला लागली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच मुक्ताला सकाळी नऊ ते साडेपाच असा सलग वेळ मिळाला.

त्या वेळात ती 'टोपाथ'साठी लिहायची. 'टोपाथ' म्हणजे कॅफेत आणि लायब्ररीत फुकट मिळणारं साप्ताहिक. पुढच्या पानांवर घरभाडी आणि कौन्सिलची भांडणं, मागच्या आठ पानांवर नाटकं, चित्रं, नाच, गाणी. ही आठ पानं फिडेल्मा नावाची साठीची बाई चालवायची. पाचपैकी किती तारे ते ठरवायचं, साडेतीनशे शब्दांत कारण सांगायचं आणि मंगळवारी दुपारी बाराच्या आत पाठवायचं, एवढीच तिची अट. आयरिश माणूस 'ठीक आहे' म्हणायला उठसूट वापरतो तो 'ग्रँड' हा शब्द परीक्षणात वापरायला तिची बंदी होती. पुण्यात इंग्रजीत एमए केलेल्या मुक्ताला हे काम फार आवडायचं. ती जुन्या चर्चच्या तळघरातले नाच बघून यायची आणि कुठे काय बिघडलं ते नेमकं सांगायची. बिघडलेलं तिला पटकन दिसायचं. आई झाल्यापासून जरा जास्तच.

ऑक्टोबरात फिडेल्माचा फोन आला. "तुमच्या लोकांचं नाटक आहे म्हणे ल्यूकनला. या शहराची कला म्हणजे फक्त मधल्या चार गल्ल्या नव्हेत. करशील?"

नाटकाचं नाव होतं 'शेवटची बस साडेदहाला'. तिथल्या मराठी मंडळाच्या उपेंद्र यांनी लिहिलेलं आणि त्यांनीच बसवलेलं. नायिका बावीस वर्षांची. ती भूमिका वसुधाताई करत होत्या.

"नायिका माझ्या मुलीला सांभाळते," मुक्ता म्हणाली.

"डब्लिनमध्ये सगळेच एकमेकांच्या मुलांना सांभाळतात. परीक्षणाखाली तसं सांगणारी एक ओळ छापू. नाटक चांगलं असलं की प्रश्नच नाही."

नाटक चांगलं असेल, असं मुक्ताने स्वतःला चार दिवस बजावलं.

प्रयोग रविवारी दुपारी दोनला होता. नवरा यशोधन ब्युमॉन्ट हॉस्पिटलमध्ये ड्युटीवर होता, म्हणून सानिकाला बरोबर न्यावंच लागलं. हॉलमध्ये दोनशे खुर्च्या, मागे समोसे आणि चहा. पहिल्या अंकात वसुधाताई दोन वेण्या घालून बसस्टॉपवर उभ्या होत्या आणि अविनाश नावाच्या तरुणावर त्यांचं प्रेम बसत होतं. विंगेत प्रॉम्प्टिंगला त्यांचे मिस्टर, शिरीष. ते इतक्या मनापासून प्रॉम्प्ट करत होते, की पाचव्या रांगेत बसलेल्या मुक्ताला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकायला मिळालं. तिने वहीत लिहिलं, 'न पटणारं.' थोड्या वेळाने पुन्हा लिहिलं, 'न पटणारं.'

मध्यंतरात उपेंद्र माईक घेऊन पुढे आले. "आज आपल्यात एक पाहुण्या आहेत. आपल्याच. इथल्या पेपरात लिहितात. मुक्ता, वर या."

"उपेंद्रदादा, नको, मला नाही चालत असं..."

"अरे, लाजतात! टाळ्या!"

कडेवर सानिका आणि समोर दोनशे माणसं. परीक्षकाने भेटवस्तू घ्यायची नसते, हे अशा वेळी मराठीत कसं सांगायचं, ते मुक्ताला सुचेना. तिला शाल मिळाली आणि नारळ मिळाला. नारळ सानिकाने घेतला.

दुसऱ्या अंकात मोठं स्वगत होतं. अविनाश निघून गेलाय, बस समोर उभी आहे, वसुधाताई हात पसरून बोलतायत. "बस गेली तरी चालेल, पण तू असा पाठ फिरवून जाऊ नकोस..." मुक्ता खाली मान घालून लिहीत होती. तेवढ्यात स्टेजवरचा आवाज एकदम बदलला. रडका सूर गेला, वेण्या गेल्या, बावीस वर्षं गेली.

"सानिका. खाली बस. पडशील."

मुक्ताने दचकून पाहिलं. सानिका शेजारच्या घडीच्या खुर्चीवर उभी होती, काखेत नारळ, एक पाय पाठीच्या दांडीवर. अख्खा हॉल वळून बघत होता. सानिका बसली.

"आयम ग्रँड," ती म्हणाली.

वसुधाताईंनी तिचं बूड खुर्चीला टेकेपर्यंत वाट पाहिली आणि मग पुन्हा हात पसरले. हॉलने कडकडून टाळ्या वाजवल्या. त्या प्रयोगातल्या एवढ्याच टाळ्या मनापासूनच्या होत्या. मुक्ताने एका हाताने सानिकाचा दंड धरला. दोन फुटांवरची आपली मुलगी आपल्याला दिसली नाही आणि रंगमंचावर प्रेमभंग झालेल्या बाईला दिसली. मग दुसऱ्या हाताने तिने ते वाक्य वहीत लिहिलं. परीक्षणात लिहिण्यासारखी गोष्ट हीच होती.

सोमवारी सानिकाला सोडायला गेली तेव्हा वसुधाताईंनी नाटकाबद्दल काही विचारलं नाही. "दुपारी खिचडी करतेय," एवढंच म्हणाल्या. हे जास्त अवघड होतं.

घरी येऊन मुक्ताने तीन तारे दिले. मग परीक्षण वाचलं आणि दोन केले. मग पाळणाघराच्या बाईंचा आवाज आठवला आणि पुन्हा तीन केले. संध्याकाळी यशोधन आला तोवर हे सहा वेळा झालं होतं.

"दोन तारे म्हणजे चाळीस टक्के," तो म्हणाला. "पस्तीसला पास. मग अडलंय कुठे?"

"त्यांनी सांभाळायचं बंद केलं तर?"

"मग तीन दे."

"तिनाचं नाटक नाहीये ते."

"मग दोन दे."

"यशोधन, तू काहीतरी मदत कर ना."

"करतोय की. दोन्ही बाजूंनी." आणि तो अंघोळीला गेला.

मंगळवारी पावणेबाराला तिने दोन तारे पाठवले. नाटक दोन्ही अंकांत एकाच जागी उभं राहतं, असं तिने लिहिलं होतं. वसुधाताईंनी उभी केलेली प्रेमात पडलेली मुलगी पटत नाही, असं लिहिलं होतं. आणि शेवटी असं, की संपूर्ण प्रयोगात एकच वाक्य खरं वाटलं आणि ते लेखकाने लिहिलेलं नव्हतं. ते वाक्य वसुधाताईंनी ज्या आवाजात म्हटलं, त्या आवाजासाठी लोक तिकीट काढून नाटकाला येतात, असंही लिहिलं.

फिडेल्माचा लगेच फोन आला. "चांगलं झालंय. त्यांनी काही दिलं का तुला?"

"नारळ. आणि शाल."

गुरुवारी अंक आला. परीक्षणाच्या खाली बारीक अक्षरांत छापलं होतं: 'परीक्षकाच्या मुलीला नाटकातली नायिका सांभाळते. परीक्षकाने एक शाल आणि एक नारळ स्वीकारला आहे.'

सकाळी वसुधाताईंनी नेहमीसारखं दार उघडलं, सानिकाला आत घेतलं, दार लावलं. त्यांनी अंक पाहिला नव्हता. दहा वाजता मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जागा झाला आणि मुक्ता फोन हातात धरून सोफ्याच्या कडेवर बसली.

उपेंद्रनी परीक्षणाचा फोटो टाकला होता. 'आयरिश प्रेसने दखल घेतली!!' आपलं नाटक एका जागी उभं राहतं, याचं त्यांना काहीच वाटलेलं दिसलं नाही. नाव छापून आलं होतं आणि ते बरोबर छापलं होतं. राग वेगळ्याच ठिकाणी होता. समोसे कोणी केले याचा उल्लेख नाही. प्रकाशयोजना गेली कुठे? बसस्टॉप ज्याने सुताराशिवाय उभा केला त्याचं नाव नको? मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाचा वृत्तांत येतो आणि त्यात सगळ्यांची नावं असतात, अगदी खुर्च्या उचलणाऱ्यांचीसुद्धा. ती तशी यायचीच असतात. मुक्ताने साडेतीनशे शब्दांत तीन नावं घेतली होती. दुपारपर्यंत राहिलेल्या अठ्ठावीस नावांची यादी ग्रुपवर तयार झाली आणि 'पुढच्या अंकात घेता येईल का?' असं तिला नम्रपणे विचारण्यात आलं.

त्या यादीखाली वसुधाताईंचा एक शब्दही नव्हता. त्यांच्या नावाखाली 'ऑनलाइन' मात्र दिसत होतं.

साडेपाचला मुक्ता अकरा घरं चालून गेली. वाटेत तिने मनातल्या मनात चारही पाळणाघरांना फोन करून टाकले.

वसुधाताईंनी दार उघडलं. दिवाणखान्यात टेबलावर 'टोपाथ'च्या सहा प्रती. शिरीषनी लायब्ररीतून आणल्या होत्या. सानिका एका प्रतीवर चित्र काढत होती.

"ये. परीक्षणात 'न पटणारं' दोनदा लिहिलंयस," वसुधाताई म्हणाल्या.

"ताई, मी..."

"एकदा पुरलं असतं. शब्द मोजून असतात ना तुला?" त्यांनी सानिकाची बॅग भरायला घेतली. "शिरीष म्हणाला छान झालं. उपेंद्र म्हणाला छान झालं. हॉलभर माणसं म्हणाली छान झालं. घरी येऊन वेण्या सोडताना मला माहीत होतं, की नाही झालं. चार दिवस मी वाट बघतेय, कोणी बोलतं का."

मुक्ताने जमिनीवर पडलेला खडू उचलून टेबलावर ठेवला.

"बावीसची मुलगी मी मागून घेतली. उपेंद्र मला तिची आई देत होता. सांगलीला स्पर्धेत असाच रोल मिळाला होता, एकोणतीस वर्षांपूर्वी. तेवढ्यात लग्न ठरलं. तालमी तीनच झाल्या." त्यांनी बॅगेची चेन लावली. "ते राहिलेलं करत होते मी. म्हणून खोटं झालं असेल. आता ऐक. मंगळवारी मी सांभाळणार नाही."

मुक्ताला वाटलं, आलंच.

"डून लेरीला अभिनयाचा वर्ग आहे. दहा ते दोन. दुपारी मुलं झोपली तेव्हा फोन करून नाव घातलं. त्या दोघांच्या आयांनाही सांगितलंय. आठ आठवडे आहे, मग पुढचा."

"पण मंगळवारी बाराच्या आत मला परीक्षण द्यायचं असतं, ताई."

"माहीत आहे. सोमवारी लिहीत जा."

मुक्ताने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. जसं पहिल्या दिवशी त्यांचं घर पाहिलं होतं, कड्या, फाटक, कुलूप, तसंच. शिक्षा कुठे दिसते का, ते बघत होती ती. दिसली नाही. सोमवार आहे, बुधवार आहे, गुरुवार, शुक्रवार आहे. मंगळवार गेला, आणि तो परत मागण्यासारखं तिच्याकडे काहीच नव्हतं. त्या बाईने तिचं लिहिणं वाचलं होतं, पटवून घेतलं होतं आणि त्याप्रमाणे कामाला लागली होती. 'टोपाथ'मध्ये वर्षभर लिहून हे मुक्ताच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

"बरं," ती म्हणाली. "चल सानिका, जॅकेट घाल."

"थांब जरा." वसुधाताईंनी खुर्ची बाजूला सरकवली आणि टेबल व टीव्हीच्या मधल्या जागेत उभ्या राहिल्या. "ते स्वगत. मी म्हणते. कुठे खोटं होतं ते सांग मला."

"आत्ता?"

"मग कधी? मंगळवारी तू मोकळी नाहीस."

त्यांनी हात पसरले आणि सुरुवात केली. बस गेली तरी चालेल, पण. मुक्ता दारात जॅकेट हातात धरून ऐकत राहिली. सानिकानेही चित्र थांबवलं. स्वगत शेवटपर्यंत झालं. वसुधाताईंनी हात खाली घेतले.

"अजून खोटं वाटतंय," मुक्ता म्हणाली.

"कुठून?"

"पहिल्या वाक्यापासून."

वसुधाताईंनी मान हलवली. रागावल्या असतील तर तसं दिसलं नाही.

"मग बूट काढून आत ये," त्या म्हणाल्या. "वेळ लागेल. सानिकाला खिचडी वाढते."