डॉक्टरची लाल चिठ्ठी

ही गोष्ट दोन हजार बारा सालची. तेव्हा माणसं बिघडलेली वस्तू टाकून देण्याआधी एकदा तरी कुणाला दाखवायची, आणि व्हिडिओ गेमचं यंत्र बिघडलं तर दाखवायला माणूस एकच होता. त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. बाजारामागच्या गल्लीत त्याचा भाड्याचा गाळा होता. भिंतीला तीन फळ्या, टेबलावर भिंगाचा दिवा आणि खुंटीला पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे. निळी चिठ्ठी म्हणजे यंत्र जगेल. लाल म्हणजे यावर पैसे घालू नका, भंगारात द्या. बावीस वर्षांत त्याची एकही चिठ्ठी खोटी ठरली नव्हती. जुनं यंत्र घ्यायला आलेलं गिऱ्हाईक किंमत नंतर विचारायचं, आधी चिठ्ठीचा रंग बघायचं.

त्या वर्षी एका मोठ्या कंपनीने नवा गेम कन्सोल बाजारात आणला आणि डॉक्टरचं टाळकं फिरलं. कन्सोल चारही बाजूंनी गोंदाने चिकटवलेला, स्क्रू नावालाही नाही. वर कंपनीचं पत्र आलं, की बाहेरच्या कारागिरांना यापुढे सुटे भाग मिळणार नाहीत. डॉक्टरने पात्याने एक कन्सोल फोडला, आत डोकावला आणि कुत्सित हसला.

"हा एवढासा पंखा? वर्षभरात ही भट्टी स्वतःलाच भाजून घेईल."

पुढच्या तीन आठवड्यांत अकरा कन्सोल बंद पडून त्याच्या टेबलावर आले. मग तर त्याला शंकाच उरली नाही.

त्याचा एक शाळासोबती शेअर दलाल होता. त्याने वाट दाखवली. कंपनीचे शेअर उसने घ्यायचे आणि आजच्या भावाने विकून टाकायचे. भाव पडला की स्वस्तात घेऊन परत करायचे, मधला फरक आपला.

"आणि चढला तर?" डॉक्टरने विचारलं.

"तर भुर्दंड आपला. पण यंत्र भंगार आहे असं तूच म्हणतोस ना? मग घाबरतोस कशाला?"

गाळ्याच्या मालकाने गाळा विकायला काढला होता आणि डॉक्टरला वर्षअखेरपर्यंत मुदत दिली होती. त्यासाठी साठवलेली सगळी पुंजी डॉक्टरने त्या सौद्याला तारण म्हणून लावली. बायकोला सांगितलं, ते सौदा झाल्यावर.

डॉक्टरची थोरली बहीण रेडिओच्या कारखान्यात तीस वर्षं तपासनीस होती. तिची मुलगी नेमकी याच कंपनीत, याच कन्सोलच्या जुळणीला होती. रविवारी सगळे ताईकडे जेवायला बसले असताना डॉक्टरच्या बायकोने रागारागात सौद्याची गोष्ट फोडली.

भाचीचा घास हातातच राहिला. "मामा, म्हणजे माझी नोकरी जावी म्हणून तू पैसे लावलेस?"

"तुझ्या नोकरीचा काय संबंध? कंपनी नालायक आहे. मी फक्त खरं ओळखलं."

"कंपनी बुडाली की आधी साहेब घरी जातात का जुळणीवाले?"

"मग चांगलं यंत्र करा की. गोंद लावून कसले डबे विकता?"

ताईने वाढायचं थांबवलं. "अकरा बंद पडलेले बघून तू निकाल दिलास होय? अरे, तुझ्या दारात येतं ते मोडकंच येतं. धडधाकट यंत्र तुझ्याकडे कशाला येईल? मी हजार रेडिओ तपासायची तेव्हा त्यातले चार बाद निघायचे. तू जन्मभर त्या चारांकडेच बघितलंस आणि आता म्हणतोस हजारही तसलेच."

"ताई, माझा हात कधी चुकत नाही."

"हात नाही चुकत. पण बाकीचे कुणी बघायचे?"

"आणि मामा," भाची म्हणाली, "यंत्र बेताचंच आहे, मीही मान्य करते. पण कंपनी यंत्रावर कमावतच नाही. त्यावर जे खेळ विकते, त्यावर कमावते. लोक खेळासाठी डबा घेतात. तू डबा तपासलास. त्यावरचा एक तरी खेळ खेळून बघितलास?"

डॉक्टरला खेळ येतच नव्हते. बावीस वर्षांत त्याने एकही खेळ दहा मिनिटांपेक्षा जास्त खेळला नव्हता. पण हे कबूल करण्याऐवजी तो म्हणाला, "पगार खातेस त्यांचा, बोलणारच." आणि ताटावरून उठला. ताईने त्याला थांबवलं नाही.

नंतरच्या दोन महिन्यांत भाव चढतच गेला. दलाल दर आठवड्याला फोन करून आणखी तारण मागायचा. बायकोच्या बांगड्या गेल्या. आणि डॉक्टर बदलला, तो इथेच. पूर्वी कन्सोल सुरू झाला की त्याचा चेहरा खुलायचा, आता बंद पडलेला आला की खुलायचा. कुठे आग लागली, कुणाला शॉक बसला अशा बातम्या तो शोधत बसायचा. सापडली नाही की दिवस वाईट जायचा. दुसऱ्याचं वाटोळं व्हावं म्हणून पैसे लावलेला माणूस हळूहळू रोज सकाळी तेच मागत उठतो. हे त्याला कळत नव्हतं, पण त्याच्या बायकोला कळत होतं. तिने त्याच्याशी बोलणं टाकलं.

एक दिवस एक बसचालक कन्सोल घेऊन आला. त्याची बायको महिनोन् महिने अंथरुणाला खिळलेली होती आणि तिचा वेळ जावा म्हणून त्याने हप्त्यांवर तो घेतला होता. "सुरूच होत नाही हो, डॉक्टर. बघता का?"

डॉक्टरने पाच मिनिटांत ओळखलं. कन्सोलला काही झालं नव्हतं, अडॅप्टर गेला होता. दुसरा लावला की काम झालं. पण त्याच सकाळी दलालाचा फोन येऊन गेला होता. डॉक्टरचा हात खुंटीकडे गेला आणि त्याने लाल चिठ्ठी बांधली.

"गेला," तो म्हणाला. "कंपनीच फसवी आहे. सगळ्यांना सांगा."

चालकाने काही विचारलं नाही. डॉक्टरची चिठ्ठी म्हटल्यावर विचारायचं काय? "मग इथेच ठेवा. भंगारवाला आला की द्या," म्हणत तो मान खाली घालून निघून गेला.

तासाभराने ताई आली. दोन महिन्यांपूर्वीचं रविवारचं भांडण तिच्या हिशेबाने अर्धवट राहिलं होतं आणि ते पुरं केल्याशिवाय तिला चैन नव्हतं. बसायला स्टूल ओढताना तिला टेबलावरचा कन्सोल दिसला. तीस वर्षांची सवय. समोरची वस्तू तपासल्याशिवाय तिचा हात राहायचा नाही. तिने फळीवरचा दुसरा अडॅप्टर काढून लावला. हिरवा दिवा लागला, गाळ्यातल्या टीव्हीला जोडल्यावर पडद्यावर चित्र आलं.

ताईने चित्राकडे बघितलं, मग चिठ्ठीकडे. "हा तर चालतोय. लाल का?"

डॉक्टरने भिंगाचा दिवा विझवला.

"कुणाचा आहे?"

त्याने सांगितलं. आजारी बायकोचंही सांगितलं.

"एका चिठ्ठीने एवढी मोठी कंपनी पडणार होती होय रे? तुला माहीत होतं पडणार नाही. तरी बांधलीस!" ताई म्हणाली. "त्यांनी गोंद लावला, सुटे भाग बंद केले, त्यांच्याशी भांड ना. पत्र लिही, चार कारागीर गोळा कर, मी येते सही करायला. पण हे भांडण नव्हे. तिथे बाई पडून आहे आणि तू तिचा खेळ भंगारात घालतोस, तेही पैसे मिळावेत म्हणून. यापेक्षा चोरी केली असतीस तर मी शेजारणींना तोंड दाखवलं असतं."

डॉक्टरने लाल चिठ्ठी सोडायला घेतली. गाठ त्याने स्वतःच घट्ट मारली होती, सुटेना. शेवटी कात्रीने कापली. मग ताईसमोरच दलालाला फोन लावला. "सौदा मिटव. आत्ताच्या आत्ता."

"अरे, येडा आहेस का? दोन दिवस थांब, पडेलच!"

"पडू दे नाहीतर चढू दे. मिटव."

कन्सोल आणि नवा अडॅप्टर घेऊन तो चालकाच्या घरी गेला. दारातच खरं काय ते सगळं सांगितलं. चालकाने ऐकून घेतलं, कन्सोल त्याच्या हातातून काढून घेतला आणि दार लावलं. तो पुन्हा कधी त्या गल्लीत आला नाही.

कुठलीही कंपनी वाढेल की बुडेल, याचा अंदाज करायला कुणाची ना नाही. तो चुकला तर खिशाला चाट बसते, माणूस सावरतो. पण ज्या दिवशी आपला फायदा दुसऱ्याच्या बिघडण्यात अडकतो, त्या दिवसापासून आपलं बघणं बदलतं, हे आपण सगळ्यांनी ध्यानात ठेवायला हवं. मग चांगलं दिसलं की राग येतो, आणि एक दिवस आपणच ते बिघडवायला हात लावतो.

पुढचं सांगायचं तर, कंपनीचा तो कन्सोल फार काही टिकला नाही. चार वर्षांत कंपनीने तो बंद केला. यंत्राबद्दल डॉक्टर बरोबर होता. पण खेळ खपतच राहिले आणि शेअर दुपटीवर गेला. भाची आता त्याच कंपनीत उष्णतेच्या चाचण्यांची प्रमुख आहे आणि नव्या यंत्रात तिने पंखा मोठा करून घेतला. मामाशी ती तीन वर्षं बोलली नाही, मग बोलायला लागली. दलाल दुसऱ्या शहरात गेला, तिथेही लोकांना वाटा दाखवतो म्हणे. कारागिरांच्या पत्रावर एकेचाळीस सह्या झाल्या, पहिली ताईची. कंपनीने पाच वर्षांनी सुटे भाग पुन्हा द्यायला सुरुवात केली, तेव्हा ताई नव्हती.

गाळा दुसऱ्या कुणी घेतला. डॉक्टर त्याच गल्लीच्या टोकाला, जिन्याखालच्या खोलीत बसतो. बायको शेजारी बसून पावत्या फाडते, आणि बोलते. खुंटीला आता तीन गठ्ठे आहेत. निळा, लाल आणि पांढरा. पांढऱ्या चिठ्ठीवर डॉक्टर स्वतःच्या हाताने लिहितो, 'मला नक्की सांगता येत नाही'. सगळ्यात लवकर तोच गठ्ठा संपतो.