मैदानाएवढ्या अणूतला मोहरीचा दाणा

खापरखेड्याला वीज केंद्राच्या वसाहतीत लहानू नावाचा एक कामगार राहत होता. त्याची बायको प्रेमिला, लेक मेघा, आणि त्यांच्या मसाल्याच्या डब्यात राहत होतो मी. होय, मी मोहरीचा दाणा बोलतोय. तेल तापलं की तडतडायचं हा आमचा स्वभावच. पण आज मी तेलाशिवाय तडतडतोय. का, ते ऐका.

जन्म खाप्याकडच्या एका शेतात. शेंगेत भावंडांना खेटून वाढलो, बाजारातून पुड्यात बसून इथे आलो. पुढे फोडणीत उडी, एवढंच ठरलेलं होतं.

पण मेघा होती दहावीत आणि तिला पुढे सायन्स घ्यायचं होतं. लहानू म्हणाला, "शाळेच्या विज्ञान प्रदर्शनीत पहिली ये, मंग घे सायन्स. नाही तं शिलाई शीक."

त्याच संध्याकाळी, प्रदर्शनीसाठी अणू बनवते असं आईला सांगत, मेघाने डबा उघडून मला चिमटीत धरलं.

"काहून वं, अणूले फोडणी देऊन राहिली का?" प्रेमिला म्हणाली.

"आई, हे हायड्रोजनचं केंद्रक. हे एवढंसं धरलं, तं इलेक्ट्रॉन कुठं रायते माहीत हाय? शाळेच्या मैदानाच्या कुंपणापाशी!"

"अन् मधात?"

"काहीच नाही."

"मंग एवढी जागा अडवून काहून बसला हा?"

प्रदर्शनीचा मांडव मैदानाच्या मधोमध. मेघाने कोऱ्या कागदावर मला ठेवलं. शेजारी तिच्या वर्गातल्या रजतचा अणू, दुकानातून विकत आणलेला: थर्माकोलचं नारळाएवढं केंद्रक, लाइटची माळ, मोटरवर गरगरणारे इलेक्ट्रॉन, तेही वीतभर अंतरावर! माझ्या अंगाची आग झाली. अहो, अणूचं जवळजवळ सगळं वजन केंद्रकात असतं हे खरं, म्हणून काय त्याचा नारळ करायचा?

परीक्षक वसंतराव आले. "हे टेबल रिकामंच?" म्हणाले. घामेजल्या रुमालाने कागद पुसला, आणि मी रुमालासकट त्यांच्या खिशात!

"सर, ते..."

"नंतर, बाळा, नंतर."

खिशात मी काय काय बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. टेबल भरलेलं दिसलं की यांना ज्ञान दिसतं. लाइट लुकलुकला की टाळ्या. पण हे खरं कसं असेल, असं विचारायला एकाची जीभ वळत नाही! "पहिला नंबर, रजत," असं ऐकू आलं. मग मेघाने नाक ओढलेलं ऐकू आलं.

चहा पिता पिता वसंतराव शाळेतल्या मयुरा मॅडमना म्हणाले, "मॅडम, तो माणूस सकाळपासून कुंपणाच्या कडेनं काहून फिरून राहिला?"

मेघा म्हणाली, "तो इलेक्ट्रॉन हाय सर. माहे बाबा हायेत."

मांडवात हशा पिकला.

"अन् मग केंद्रक कुठं गेलं?"

"तुमच्या खिशात, सर."

त्यांनी खिशातून रुमाल काढून झटकला, मी कागदावर घरंगळलो. वसंतरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग दूरच्या लहानूकडे. कप ठेवला आणि उन्हातून त्याच्या दिशेने चालू लागले. चालतात, चालतात, तरी मैदान संपेना. अर्ध्यात वळून ओरडले, "इथून दाणा दिसतच नाही!"

"दिसणारच नाही, सर!" मेघाही ओरडली.

पलीकडून लहानूचा आवाज आला, "मेघा, थांबू का वं आता? पाय गेले माहे!"

परत येऊन वसंतरावांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक माझी. मी टेबल पाहिलं, अणू पाहिलाच नाही. पहिली मेघा." नारळ दुसरा आला.

वहीत आकृती काढणाऱ्यांनो, माझा लाडूएवढा गोळा खुशाल काढा, पानात दुसरं मावणार तरी काय! पण शेजारी एवढं तरी लिहा, की खरं केंद्रक याहून फार फार लहान असतं. आणि रिकामं दिसलं म्हणून लगेच पुसू नका.

मी आता कुंकवाच्या जुन्या डबीत कापसावर असतो. लहानूने शब्द पाळला. मेघा रोज शहरात, रामदासपेठेतल्या कॉलेजात सायन्सला जाते. कामावर लहानू सांगतो, "मी इलेक्ट्रॉन होतो गा!" आणि प्रेमिलाने फोडणी दिली की घरातून म्हणतो, "हळू वं, पोरीचे केंद्रकं जाळशील!" मग तिघंही हसतात, आणि डबीत मीसुद्धा.